अतिनील प्रकाशानंतर दर वेळी तेच पाहुणे : १३८९ आणि ११०१ च्या पट्ट्यांचा माग

निर्वात कोठीतल्या अतिथंड खिडकीवर थर म्हणून गोठवलेल्या आर्गॉनमध्ये हायड्रोजन आयोडाइड आणि कार्बन मोनॉक्साइड कोंडून त्यावर पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडला, की हायड्रोजन आयोडाइडचा रेणू फुटतो, सुटलेला हायड्रोजनचा अणू कार्बन मोनॉक्साइडला जाऊन चिकटतो आणि फॉर्मिल मूलक तयार होतो (मूलक म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला, अतिशय क्रियाशील रेणू). अवरक्त वर्णपटात त्याची खूण ठरलेली आहे : १८६३ ला ठळक पट्टा आणि सोबत १०८७ व २४८३ च्या आसपास आणखी दोन (येथून पुढचे पट्ट्यांचे सर्व आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये आहेत). प्रयोग इतका सरळ असूनही सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत एक तक्रार काही वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिली. दिवा लावण्यापूर्वीचा वर्णपट निर्मळ असे. दिवा लावल्यावर १८६३ चा पट्टा येई, पण रोडका. आणि १३८९, ११०१ व ३४१४ या तीन जागी असे पट्टे उगवत, ज्यांना कोणी बोलावलेले नव्हते. खिडकी घासली, पंपाचे तेल बदलले, रबरी कड्या नव्या टाकल्या, तर महिनाभर बरे चाले, आणि पावसाळा लागला की पाहुणे परत हजर होत. हाच त्रास ज्यांना होत असेल त्यांच्यासाठी आम्ही काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासायला हवे होते आणि शेवटी काय सापडले, ते येथे लिहीत आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. ३४१४, १३८९ आणि ११०१ हे त्रिकूट हायड्रोपेरॉक्सिल मूलकाचे आहे, म्हणजे एक हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन. मिलिगन आणि जेकॉक्स यांनी १९६३ साली हा मूलक अवरक्त वर्णपटात प्रथम दाखवला तो आर्गॉनमध्ये हायड्रोजन आयोडाइड आणि ऑक्सिजन गोठवून, त्यावर प्रकाश टाकूनच. त्यामुळे आम्ही नकळत त्यांचाच प्रयोग रोज करत होतो, फक्त ऑक्सिजन आम्ही घातलेला नव्हता. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीला हे पट्टे नव्या संकुलाचे, म्हणजे दोन रेणू सैलसर जुळून झालेल्या जोडीचे, वाटले होते आणि तिने त्यावर दोन पाने लिहूनही काढली होती. तिची चूक मोठी नव्हती, कारण प्रकाशानंतर जे वाढते ते प्रकाशाने आपल्याच पदार्थापासून घडवले, असे मन आपोआप धरून चालते. खात्री करायची असेल तर तिन्ही पट्टे प्रत्येक प्रयोगात एकमेकांच्या त्याच प्रमाणात वाढतात का ते पाहावे; आणि ड्यूटेरियम आयोडाइड मिळत असेल तर ३४१४ चा पट्टा सरकून सुमारे २५३० ला जातो, त्यानंतर शंकेला जागा उरत नाही.

आता या त्रासाची खरी गोम. ऑक्सिजनच्या रेणूचे दोन्ही अणू सारखे असल्यामुळे त्याच्या कंपनात द्विध्रुव (रेणूतल्या धन-ऋण विद्युतभारांची असमान वाटणी) बदलत नाही आणि म्हणून तो अवरक्तात दिसतच नाही. नायट्रोजनचेही तसेच. आर्गॉनच्या थरात पाण्याचा लेश असेल तर १६०८ आणि १६२४ ला तो लगेच चुगली करतो, कार्बन डायऑक्साइड २३४५ आणि २३३९ ला जोडीने उभा राहतो, पण ऑक्सिजन शंभरपट असला तरी दिवा लावण्यापूर्वीच्या वर्णपटात त्याचा मागमूस नसतो. त्या वर्णपटाला आम्ही जो 'निर्मळ' म्हणत होतो तो निर्मळ नव्हता. त्यात जे दिसू शकत नाही ते दिसत नव्हते, एवढेच. ऑक्सिजन प्रकट होतो तो हायड्रोजनच्या अणूने त्याला हात लावल्यावर. म्हणून प्रकाशापूर्वीच्या वर्णपटावर विसंबून ऑक्सिजनचा उगम शोधणे म्हणजे काळोखात हरवलेली किल्ली दिव्याच्या खांबाखाली शोधणे आहे, आणि आम्ही दोन पावसाळे नेमके तेच केले.

प्रमाणाचा हिशोब मांडला की भीती वाटावी अशी गोष्ट समोर येते. आपण हायड्रोजन आयोडाइड आर्गॉनच्या हजार भागांत एक भाग घेतो, कार्बन मोनॉक्साइड दहा भाग. सिलिंडरवर ९९.९ टक्के शुद्ध असे लिहिले असेल तर उरलेली अशुद्धी हजारात एक भाग असू शकते, म्हणजे जेवढा आपला नमुना तेवढाच उपरा माल. ९९.९९९ टक्क्यांचा आर्गॉन घेतला तरी दशलक्षात दहा भाग अशुद्धी राहू शकते, म्हणजे नमुन्याचा शंभरावा भाग. शिवाय स्पर्धा समान नाही. हायड्रोजनच्या अणूला ऑक्सिजनशी जुळताना जवळपास कोणताच चढ चढावा लागत नाही, तर कार्बन मोनॉक्साइडशी जुळताना लहानसा का होईना, एक चढ आहे. त्यामुळे दहापट कार्बन मोनॉक्साइड असूनही थोडासा ऑक्सिजन आपल्या वाट्यापेक्षा जास्त हायड्रोजन पळवतो. थराला थोडी ऊब देऊन हायड्रोजनला फिरू दिले, तर हा पक्षपात अधिक ठळक होतो. आमच्याकडे २० केल्विनपर्यंत नेऊन परत थंड केल्यावर १३८९ चा पट्टा १८६३ पेक्षा वेगाने वाढायचा, आणि 'ऊब दिल्यावर उत्पादन वाढेल' या पाठ्यपुस्तकी सल्ल्याचा उलटाच परिणाम होताना दिसायचा.

ऑक्सिजन दिसत नाही, पण हायड्रोजन आयोडाइड त्याला दाखवतो. तर मग हायड्रोजन आयोडाइडलाच ऑक्सिजन मोजण्याचे उपकरण का करू नये? हा विचार उशिरा सुचला, पण सुचल्यापासून सगळी तपासणी बदलली. कार्बन मोनॉक्साइड पूर्णपणे वगळायचे, फक्त आर्गॉन आणि हजारात एक भाग हायड्रोजन आयोडाइड इतकेच गोठवायचे, अर्धा तास दिवा लावायचा आणि १३८९ च्या पट्ट्याखालचे क्षेत्रफळ मोजायचे. त्याला मोजपट्टी लावण्यासाठी एकदा मुद्दाम हवा घालावी : वायू मिसळण्याच्या एका लिटरच्या काचेच्या फुग्यात ६०० टॉर (टॉर हे दाबाचे एकक; हवेचा दाब ७६० टॉर) आर्गॉनच्या मिश्रणात ०.३ टॉर कोरडी हवा सोडली, तर त्यात ऑक्सिजन ०.०६३ टॉर, म्हणजे दशलक्षात सुमारे १०५ भाग होतो. त्या वर्णपटाची एक प्रत आमच्या नोंदवहीत चिकटवलेली आहे आणि पुढच्या प्रत्येक शंकेचे उत्तर तिच्याशी ताडून मिळते. स्वस्तात ऑक्सिजन मोजण्याचे याहून चांगले साधन आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणे कठीण आहे. क्षेत्रफळांची तुलना करताना थराची जाडी सारखी असावी लागते. त्यासाठी वर्णपटाच्या तळाशी दिसणाऱ्या व्यतिकरणाच्या लाटांचे अंतर मोजावे. आर्गॉनचा अपवर्तनांक सुमारे १.३ धरला आणि दोन लाटांमधले अंतर ४० असले, तर थर सुमारे ९६ मायक्रोमीटर जाड आहे.

मोजपट्टी हातात आल्यावर संशयितांची यादी एकेक करून तपासता आली.

पहिला संशयित अर्थातच सिलिंडर. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आर्गॉन सहज मिळतो, कारण तेथे स्टेनलेस स्टीलचे काम करणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला 'आरगॉन वेल्डिंग'साठी तो लागतो. पुण्याहून येणारा उच्च शुद्धतेचा सिलिंडर वेळेवर आला नाही की आम्हीही तोच आणत असू, आणि पुरवठादार छातीठोकपणे सांगे, "साहेब, आतला गॅस एकच आहे, फरक नुसता चिठ्ठीचा." वेल्डिंगच्या दृष्टीने तो खोटे बोलत नव्हता. पण मोजपट्टीला लावल्यावर त्या सिलिंडरचा १३८९ चा पट्टा आमच्या १०५ भागांच्या ओळीच्याही वर गेला. तेव्हापासून वेल्डिंगचा सिलिंडर फक्त खिडक्या सुकवायला आणि पेटीत कोरडे वातावरण राखायला वापरतो.

सिलिंडर बदलला की रेग्युलेटरमध्ये हवा अडकते, हे सर्वांना माहीत असते आणि तरी बहुतेक जण नुसता गॅस फुसकन सोडून देतात. त्याने कोपऱ्यांतली हवा निघत नाही. रेग्युलेटरच्या पुढची झडप बंद ठेवून आत ६ बार दाब भरावा, झडप उघडून तो १ बारपर्यंत उतरवावा आणि पुन्हा भरावा. प्रत्येक फेरीत आतली हवा सहाव्या हिश्श्यावर येते, आणि पाच फेऱ्यांनंतर साडेसात हजारांत एक भागाहूनही कमी उरते. दहा मिनिटांचे काम आहे.

कार्बन मोनॉक्साइडच्या सिलिंडरचा एक वेगळाच उपद्रव सांगायला हवा, कारण तो ऑक्सिजनशी संबंधित नसूनही याच गोंधळात मिसळतो. पोलादी सिलिंडरमध्ये दाबाखाली राहिलेला कार्बन मोनॉक्साइड लोखंडाशी संयोग पावून थोडासा आयर्न पेंटाकार्बोनिल तयार करतो. त्याचे पट्टे २००० ते २०३० च्या टापूत येतात आणि अतिनील प्रकाशात तो चटकन एक कार्बन मोनॉक्साइड गमावतो, त्यामुळे दिवा लावल्यावर तेथे काही पट्टे घटतात आणि काही नवे येतात, आणि माणूस आपल्या मूलकाचा शोध घेत भलत्याच गल्लीत शिरतो. उपाय सोपा आहे : कार्बन मोनॉक्साइड द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या सापळ्यातून हळूहळू, कमी दाबाने आणावा, म्हणजे कार्बोनिल तेथेच गोठून राहतो. या सापळ्याने ऑक्सिजन मात्र अडत नाही, कारण ७७ केल्विनलाही त्याचा बाष्पदाब दीडशे टॉरच्या घरात असतो. कार्बन मोनॉक्साइड विषारी आहे आणि त्याला वास नाही; धुराड्याच्या कपाटाबाहेर त्याची झडप उघडू नये, हे वेगळे सांगायची गरज नसावी.

सापळ्याचा विषय निघाला म्हणून एक फजिती. ऑक्सिजनवर राग काढण्याच्या भरात आमच्या एका विद्यार्थ्याने आर्गॉनच द्रव नायट्रोजनच्या सापळ्यातून सोडला. आर्गॉन ८३.८ केल्विनला गोठतो, द्रव नायट्रोजन ७७ ला उकळतो. दाब दोनशे टॉरच्या वर गेला तेव्हा आर्गॉन सापळ्यातच बर्फासारखा साचत गेला आणि पुढच्या गेजचा काटा हलेना. "सर, सिलिंडर संपला वाटतं," असे म्हणून त्याने मुख्य झडप आणखी उघडली. ते वेळीच लक्षात आले म्हणून बरे, नाहीतर द्रव नायट्रोजनचे भांडे काढल्याबरोबर साचलेला सगळा आर्गॉन एकदम वायू होऊन काचेची लाइन फुटली असती. आर्गॉनमधला ऑक्सिजन काढायचा असेल तर तो तापवलेल्या तांब्याच्या किसावरून न्यावा. तांबे ऑक्सिजन घेते आणि काळे पडते, आणि किती काळे पडले यावरून ते केव्हा बदलायचे तेही कळते. (द्रव नायट्रोजन आम्हाला जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रांना पुरवठा करणाऱ्या गाडीकडून मिळतो. ती गाडी आठवड्यातून एकदाच येते.)

हायड्रोजन आयोडाइड स्वतःही ऑक्सिजन घेऊन येऊ शकतो, पण त्याला शुद्ध करणे सोपे आहे. द्रव नायट्रोजनमध्ये तो पक्का गोठतो, वरचा वायू पंपाने ओढून घ्यावा, भांडे वितळू द्यावे, पुन्हा गोठवावे. तीन वेळा केले की विरघळलेली हवा निघून जाते. फुग्याच्या काचेवर जांभळट झाक दिसू लागली तर त्यातला काही भाग आयोडीन आणि हायड्रोजनमध्ये मोडला आहे असे समजावे. पितळेच्या झडपा त्याच्याजवळ ठेवू नयेत.

या सगळ्यानंतर चांगला सिलिंडर, धुतलेला रेग्युलेटर आणि तीनदा गोठवलेला हायड्रोजन आयोडाइड घेऊनही मोजपट्टी ४० ते ६० भाग दाखवत राहिली. म्हणजे गळती. येथे दोन प्रकारच्या गळत्यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो दिवा न लावता करता येतो. थर जमवून झाला की दिवा बंद ठेवून एक तास नुसते थांबावे आणि दर पंधरा मिनिटांनी वर्णपट घ्यावा. या अंधारातल्या चाचणीत १६०८ आणि १६२४ चे पाण्याचे पट्टे किंवा २३४५ ची जोडी वाढत गेली, तर गळती थंड खिडकीभोवतीच्या निर्वात कोठीत आहे. तिचे महत्त्व कमी लेखू नये : एक दशलक्षांश टॉर दाब ऐकायला फार चांगला वाटतो, पण त्या दाबाला येणारा प्रत्येक रेणू चिकटला तर दर सेकंदाला एक थर बसतो. जमवणे आणि प्रकाश देणे मिळून तीन तास धरले तर १०,८०० थर होतात, एका थराला ०.३ नॅनोमीटर धरले तर ३ मायक्रोमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या ९६ मायक्रोमीटरच्या आर्गॉनच्या तीन टक्क्यांहून जास्त उपरा माल. हा सर्वांत वाईट हिशोब आहे आणि खिडकीभोवतीचे थंड कवच बरेच काही अडवते, तरीही त्यावरून अंदाज येतो. पंपाची झडप बंद करून दाब कसा चढतो ते पाहावे. चढण काही वेळाने मंदावली तर भिंतींतून सुटणारा वायू आहे, आणि ती सरळ रेषेत चढत राहिली तर भोक आहे.

आमची कोठी या चाचणीत चांगली ठरली. अंधारात काहीच वाढत नव्हते. शिवाय थर बसून झाल्यावर जो ऑक्सिजन येतो तो वरच्या पृष्ठभागावर बसतो, आणि थराच्या पोटात सुटलेल्या हायड्रोजनच्या अणूंना तो सहसा भेटत नाही; आमचे १३८९ चे पट्टे इतके जोरकस होते की ऑक्सिजन आर्गॉनसोबत मिसळूनच आत येत असला पाहिजे. म्हणजे दोष फुग्याच्या आधी, गॅस लाइनमध्ये.

ज्या निरीक्षणाने गुंता सुटला ते इतके साधे होते की नोंदवहीत दोन वर्षे पडून होते आणि कोणी वाचले नव्हते. सकाळी पहिल्यांदा भरलेल्या फुग्याचा १३८९ चा पट्टा नेहमी मोठा, आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा भरलेल्या फुग्याचा जवळपास निम्मा. सोमवारची पहिली भरणी सर्वांत वाईट. पावसाळ्यात तर त्याच सकाळच्या भरणीत पाण्याचे पट्टेही फुगलेले. सिलिंडर दोषी असता तर सकाळ-दुपार असा भेद त्याने केला नसता. भोक असते तर दिवसभर सारखेच गळले असते. रात्रभर गॅस कोठेतरी स्थिर उभा राहत होता आणि त्या वेळात बाहेरची हवा आत झिरपत होती.

ती जागा सापडली सिलिंडरच्या खोलीपासून भिंतीच्या कडेने आलेल्या चार मीटर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत. मूळची लाइन तांब्याची होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरची यंत्रे घाईघाईने वरच्या मजल्यावर हलवली होती, आणि पाणी ओसरल्यावर जोडणी परत करताना तांब्याचा तेवढा तुकडा वाकलेला निघाला म्हणून 'तात्पुरती' नायलॉनची नळी बसवली गेली. ती बसवली मीच. पाण्याच्या दाबाने तपासली, साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा नाही. बुडबुडा येणारच नव्हता, कारण ती नळी कोठे फुटलेली नव्हती. नायलॉनसारख्या प्लॅस्टिकच्या भिंतीतूनच ऑक्सिजन आणि त्याहून अधिक पाण्याची वाफ हळूहळू आत पाझरते, आतल्या आर्गॉनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असला तरीही. प्रत्येक वायू आपापल्या दाबाच्या फरकाने सरकतो आणि आतल्या ऑक्सिजनचा दाब तर शून्याजवळ होता. दाब जास्त आहे म्हणजे बाहेरचे आत येणार नाही, हा समज माझ्या डोक्यात इतका पक्का होता की त्या नळीकडे संशयाने पाहायला मला दोन वर्षे लागली. आता तेथे पुन्हा तांबे आहे, आणि रात्री ती लाइन निर्वात करून ठेवली जाते.

दिव्याबद्दलही लिहायला हवे, कारण तेथून हाच आजार वेगळ्या रूपात परत येतो. आम्ही घरगुती पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात असतो तसा कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा वापरतो. तो स्वस्त आहे, तासगाव रस्त्यावरच्या दुकानातही मिळतो, आणि त्याचा बहुतेक प्रकाश २५४ नॅनोमीटरचा असतो. मध्यंतरी त्याऐवजी दुसऱ्या बनावटीचा दिवा आणला तेव्हा लावल्याबरोबर खोलीत तिखट, वीज पडल्यावर येतो तसा वास आला आणि वर्णपटात १०४० ला नवा पट्टा उभा राहिला. पाऱ्याच्या दिव्यात १८५ नॅनोमीटरचीही रेषा असते. साध्या दिव्यांची काच ती अडवते, पण शुद्ध कृत्रिम क्वार्ट्झची नळी ती बाहेर सोडते. २४२ नॅनोमीटरपेक्षा लहान लांबीच्या प्रकाशाने ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटलेला अणू दुसऱ्या ऑक्सिजनला चिकटून ओझोन होतो, आणि १०४० चा पट्टा थरातल्या त्या ओझोनचा. २५४ च्या प्रकाशात हे होत नाही. म्हणून १०४० दिसला तर दोन गोष्टी एकदम कळतात : थरात ऑक्सिजन आहे, आणि दिवा १८५ देतो आहे. वासावरूनही निदान होतेच, पण ओझोन हुंगून निदान करण्याची सवय लावू नये. आणि दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी तर पाहूच नये.

ऑक्सिजनचा बंदोबस्त झाल्यावरही १८६३ चा पट्टा दुबळाच राहिला, तर कारणे दुसरीकडे शोधावी लागतात. पिंजऱ्याचा परिणाम हे कारण हायड्रोजन आयोडाइडच्या बाबतीत सहसा नसते. क्लोरिनचा रेणू आर्गॉनमध्ये फोडला तर दोन्ही जड अणू भोवतालच्या आर्गॉनच्या पिंजऱ्यात अडकून पुन्हा एकमेकांना जुळतात; पण २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशकणात ४.८८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, हायड्रोजन आयोडाइडचा बंध तोडायला ३.०५ लागतात, आणि उरलेल्या ऊर्जेतला गतीचा जवळजवळ सगळा वाटा हलक्या हायड्रोजनकडे जातो, त्यामुळे तो पिंजऱ्याच्या फटीतून निसटतो. अडचण बहुधा मिश्रणाच्या घट्टपणाची असते. हायड्रोजन आयोडाइड पाचशेत एक भागापेक्षा जास्त झाला की त्याचे रेणू जोडीजोडीने गोठतात, आणि एकातून सुटलेला हायड्रोजन शेजारच्यावरच झडप घालून हायड्रोजनचा रेणू होऊन बसतो, जो अवरक्तात पुन्हा अदृश्य. एकट्या हायड्रोजन आयोडाइडचे अवरक्त शोषण फारच क्षीण आहे, त्यामुळे त्याच्या टापूत ठसठशीत पट्टा दिसला तर आनंद मानण्याऐवजी तो जोड्यांचा असल्याचा संशय घ्यावा.

दुसरे कारण उष्णता. तापमापी डायोड थंड टोकावर बसवलेला असतो आणि तो १० केल्विन दाखवतो, म्हणून सीझियम आयोडाइडच्या खिडकीचा मधला भागही १० ला आहे असे नाही. खिडकी आणि तांब्याच्या चौकटीच्या मध्ये इंडियमची पातळ पट्टी दाबून बसवली नसेल, तर फरक चांगलाच पडतो. दिवा जवळ आणला की थर आणखी तापतो आणि हायड्रोजन वेळेआधीच भटकू लागतो. मध्यम दाबाचा दिवा वापरत असाल तर त्याच्या दृश्य प्रकाशाकडेही लक्ष द्यावे, कारण फॉर्मिल मूलक दृश्य प्रकाश शोषतो आणि एका हाताने घडवलेले दुसऱ्या हाताने मोडले जाऊ शकते. गाळणी लावून आणि न लावता असे दोन्ही प्रयोग करून पाहिल्यास ते उघड होते.

वीज गेली तर काय होते, हा प्रश्न आमच्या भागात विचारावाच लागतो. खिडकी थंड ठेवणारा कॉम्प्रेसर थांबल्यावर थर काही मिनिटांत उडतो आणि त्यातला सगळा आर्गॉन बंद कोठीत पसरतो. सुरक्षा झडप चालू स्थितीत आहे ना, एवढे पाहून तो प्रयोग सोडून द्यावा. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या थराचे वर्णपट कोणत्याच कामाचे नसतात.

तांब्याची लाइन बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, जूनच्या एका सोमवारी सकाळी, मुद्दाम सर्वांत वाईट वेळ निवडून आर्गॉन आणि हायड्रोजन आयोडाइडची चाचणी घेतली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि खोलीतल्या ब्रोमाइडच्या सुट्या खिडकीला घाम फुटला होता. १३८९ चा पट्टा दिसला, पण नोंदवहीत चिकटवलेल्या ओळीच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे दशलक्षात पाचेक भाग. दुपारच्या भरणीतही तेवढाच. सकाळ-दुपारचा भेद गेला आहे. हे पाच भाग सिलिंडरचेच आहेत की आणखी कोठून येतात, ते तांब्याच्या किसाची नळी मध्ये बसवून पाहायचे आहे. तिची छोटी भट्टी दुरुस्तीला कुपवाडला दिलेली आहे आणि तो कारागीर दर फेरीला "परवा या" म्हणतो.